‘आपण कोण?’ विचारणारं पान

आमच्या ऑफिसात पाहुण्यांना मदत करायला सक्त मनाई आहे. पाहुणा म्हणजे आमची वेबसाइट वापरून दाखवायला बोलावलेला माणूस. त्याला एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवायचं, ‘अमुक धडा शोधून दाखवा’ म्हणायचं आणि मग गप्प राहायचं. तो चुकला तरी गप्प, वैतागला तरी गप्प, बरोबर बटणापाशी येऊन मागे फिरला तरी गप्प. मी हे सगळं शेजारच्या खोलीत बसून बघतो. मधे काच आहे. माझ्या बाजूने ती काच, त्यांच्या बाजूने आरसा. आणि मला मुळात गप्प बसता येत नाही, आमच्या घरात कोणालाही विचारा.

वेबसाइट शिक्षणाची आहे आणि अवाढव्य आहे. पहिलीच्या अक्षरांपासून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत सगळं तिच्यात आहे. धडे, व्हिडिओ, सरावाची गणितं, जुन्या प्रश्नपत्रिका. आत काय काय पडलंय ते आम्हालाही धड माहीत नाही. आलेल्या माणसाला हवं ते सापडावं, एवढंच माझं काम. मेनू माझे, शोधाची चौकट माझी, कुठल्या पानावरून कुठे जायचं ते रस्ते माझे. घरी हे आजवर कोणाच्या डोक्यात शिरलेलं नाही, वेबसाइट कुठली तेही नाही. ‘तो कॉम्प्युटरमध्ये असतो,’ असं बाबा लोकांना सांगतात, जसा काही मी आत अडकून पडलोय.

या सगळ्यात माझा जीव कशावर होता, तर पहिल्या पानावर. वेबसाइट उघडली की ती आधी विचारायची, ‘आपण कोण?’ खाली चार मोठी रंगीत बटणं. विद्यार्थी, शिक्षक, पालक, संस्था. त्यातलं एक दाबलं की तुमच्या उपयोगाचं तेवढंच समोर यायचं आणि बाकीचा पसारा झाकला जायचा. शोधही तेवढ्यातच व्हायचा. कल्पना माझी. साहेबांना ती इतकी आवडली होती की बैठकीत ते तिला ‘आपलं दार’ म्हणायचे, आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात फुगायचो.

तरी लोकांना काही सापडत नव्हतं. तक्रारींचा पाऊस पडत होता. साहेबांचं म्हणणं असं, की लोकांना हल्ली वाचायचाच कंटाळा. माझंही म्हणणं तेच होतं, फक्त मी ते जरा वाईट शब्दांत म्हणायचो. शेवटी हूंबाईंनी पाहुणे बोलवायचं ठरवलं. वेबसाइटच्या कोपऱ्यात एक चौकट टाकली, ‘सापडत नाही? येऊन दाखवा.’ आणि लोक यायला लागले.

हूंबाई म्हणजे चाचण्या घेणाऱ्या आमच्या बाई. पाहुण्याने काहीही विचारलं तरी त्या ‘हूं’ म्हणतात. ‘इथे दाबू का?’ ‘हूं. तुम्हाला काय वाटतं?’ बस, याउपर एक शब्द नाही. त्यांच्या नवऱ्याची मला फार दया येते. मदत करायची नाही हा नियम त्यांचाच. दुसरा नियम असा, की खोलीत जे दिसलं ते खोलीबाहेर न्यायचं नाही. घरी तर नाहीच नाही. आणि तिसरा, पाहुणा ओळखीचा निघाला तर काचेमागच्या माणसाने मुकाट्याने उठून जायचं.

त्या तिसऱ्या नियमाचा विचार आमचं ऑफिस बांधणाऱ्याने केला नव्हता. काचेमागची खोली पूर्वी सामानाची होती. चहूबाजूंनी प्लायवूड, कोपऱ्यात जुन्या खुर्च्यांचा ढीग, वर्षानुवर्षांची धूळ आणि एकच दार. ते दार उघडतं पाहुण्यांच्या खोलीत. म्हणजे चाचणी सुरू झाली की मी आत कोंडलेला.

त्या दुपारी मी असाच आत बसलो होतो. पलीकडचं दार उघडलं आणि माझी आत्या आत आली.

दुसरी कोणी नाही, बाबांची सख्खी धाकटी बहीण. ठेवणीतले कपडे, काखेत ती तिची जाड पट्ट्याची पर्स, आणि चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे आल्याचे भाव. मला काही सुधरेना. आत्या रोज दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाच्या वर्गाला जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाबा तर दर रविवारी तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. तेवढ्यात ती आरशापाशी आली, अगदी माझ्या नाकासमोर, आणि कपाळावरचे केस नीट करायला लागली. मी श्वास रोखून बसलो. तिने आरशात स्वतःकडे बघून एक सुस्कारा टाकला आणि खुर्चीत जाऊन बसली.

“या आरशामागून आमचे एक सहकारी बघणार आहेत,” हूंबाई म्हणाल्या. “चालेल ना?”

“बघू देत की. माझा गोंधळच दिसणार त्यांना.”

“ही तुमची परीक्षा नाही. परीक्षा वेबसाइटची आहे.”

“असं म्हणतात हो सगळे,” आत्या म्हणाली. “पण नापास माणूसच होतो.”

हूंबाई म्हणाल्या, “हूं.” मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की तुम्ही आमच्या वेबसाइटवर कशासाठी येता. आणि आत्याने, जिने आम्हाला गुडघ्यांची एवढी मोठी कथा रचून सांगितली होती, तिने त्या परक्या बाईला सगळं खरं सांगून टाकलं.

ती पाळणाघरात मदतनीस आहे, हे मला माहीत होतं. तिथली पोरं तिला सोडत नाहीत, हेही माहीत होतं. पण आता तिथे नवीन नियम आला होता. शाळेची शेवटची परीक्षा पास असलेल्यांनाच मुलांजवळ ठेवणार. बाकीच्यांची बदली धुण्याच्या खोलीत.

“माझे बाकीचे विषय कधीच सुटलेत,” ती म्हणाली. “गणित राहिलं. तेव्हाचं जे राहिलं ते राहिलंच. आता एकच संधी आहे, पुढच्या परीक्षेला बसायची. त्यात गेले तर संपलं. मग ती पोरं नाहीत आणि काही नाही.”

“अभ्यासाला घरून कोणाची मदत होते?”

“घरी माहीतच नाही. माझं गणित म्हणजे आमच्या घरातला विनोद आहे. पुन्हा नापास झाले तर दादाला वर्षभर पुरेल.”

दादा म्हणजे माझे बाबा. विनोद असा, की जेवताना आत्याने काही वाटायला घेतलं की बाबा म्हणायचे, “हिच्याकडे वाटणी देऊ नका, ही एकाचे तीन अर्धे करते.” आम्ही हसायचो. आत्याही हसायची. ती का हसायची असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या काचेमागे पडला, आणि मला स्वतःचाच राग आला.

“बरं,” हूंबाई म्हणाल्या, “तुम्हाला आज जो धडा हवा असेल तो शोधून दाखवा.”

“अपूर्णांकांची बेरीज,” आत्या म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

पडद्यावर माझं लाडकं पान उघडलं. ‘आपण कोण?’

आत्या खालची चार बटणं वाचत बसली. विद्यार्थी या बटणावर आम्ही दप्तर लावलेल्या एका गुटगुटीत पोराचं चित्र टाकलं होतं. “हे पोरांचं आहे,” ती म्हणाली. “शिक्षक तर मी नाही. संस्था नाही. पालक...” ती जरा थांबली. “पोरं तर दिवसभर माझ्याच अंगाखांद्यावर असतात. स्वतःचं एक नाही, पण पालकच म्हणा.” आणि तिने पालक दाबलं.

त्या बटणामागे काय आहे ते मला माहीत होतं ना. तिने शोधाच्या चौकटीत ‘अपूर्णांक’ लिहिलं आणि समोर आलं, ‘तुमच्या मुलाला अपूर्णांकांची भीती वाटते? पालकांनी काय करावे, काय टाळावे.’ तिने ते मनापासून वाचून काढलं. “चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली, “पण भीती मला वाटते.” मागे जायचं बटण दाबलं. पुन्हा ‘आपण कोण?’

“अहो, आत्ताच तर सांगितलं!”

“हूं,” हूंबाई म्हणाल्या.

मग तिने धीर करून विद्यार्थी दाबलं. ‘तुझी इयत्ता निवड.’ “हे मला अरे-तुरे करायला लागलं,” आत्या म्हणाली आणि जरा हसली. तिने दहावी निवडली. ‘तुझं वय निवड.’ खाली वयांची यादी. तिने बोट लावून वरपासून खालपर्यंत बघितली, मग खालपासून वर बघितली. हसू मावळलं.

“माझं वय नाही यात.”

खरंच नव्हतं. यादी मी केली होती. त्या वयापुढे कोणी शाळेचं गणित शिकायला बसेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिने पुन्हा मागे येऊन शोधाची चौकट गाठली. एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘मला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही.’ वेबसाइटने उत्तर दिलं, ‘शून्य निकाल. शब्द तपासून पुन्हा प्रयत्न करा.’ ते वाक्यही माझंच. ते लिहिताना मी चहा पीत होतो, मला आठवतं.

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. “मलाच जमत नाही. बाकीच्यांना सापडतच असणार की.” तिने पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. “जाऊ दे बाई. तुमचा उगीच वेळ घेतला. मी आपली धुण्याच्या खोलीत जाईन. कपडे काही प्रश्न विचारत नाहीत.”

आणि ती उठायला लागली. आज ही उठली तर पुन्हा या वाटेला जायची नाही, हे मला स्पष्ट कळत होतं. माझ्याइतकं तिला दुसरं कोण ओळखणार? आणि हूंबाई काय म्हणाव्यात? “हूं.” मी खुर्चीतल्या खुर्चीत तडफडत होतो. बोला काहीतरी, मी मनात ओरडत होतो, सांगा तिला की तिची चूक नाही, हा सगळा त्या काचेमागच्या गाढवाचा पराक्रम आहे!

रागाच्या भरात मी त्या खुर्च्यांच्या ढिगाला कोपर मारलं. धुळीचा लोट उठला. आणि मला शिंक आली.

माझी शिंक हा आमच्या घराण्याचा वारसा आहे. आजोबांकडून थेट माझ्याकडे आली. ती एकटी येत नाही, तिघी येतात, आणि तिसरीच्या शेवटी गाण्यातल्यासारखी तान असते. लहानपणापासून आत्या मला शिंकोबा म्हणते. मी नाक दाबलं, तोंड दाबलं, काही उपयोग झाला नाही. तान प्लायवूडमधून पार गेली असणार.

आत्या अर्धवट उठलेली तशीच थबकली. तिने आरशाकडे बघितलं. हूंबाईंनीही बघितलं, आणि त्यांची ती नजर मला काचेतूनही झोंबली. मग आत्या हळूच खाली बसली. पर्स मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली.

“बरं,” ती म्हणाली, “अजून एकदा बघते.”

मला वाटलं, आतल्या आजारी माणसाची तिला दया आली असावी.

तिला धडा काही सापडला नाही. वेळ संपेपर्यंत ती शोधत राहिली, पण सापडला नाही. वेळ संपली की मात्र हूंबाईंचा नियमही संपतो. मग त्या पाहुण्याला हवं ते काढून देतात. त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “थांबा, आता मी दाखवते.”

आणि त्यांनाही सापडेना. त्यांनी विद्यार्थी दाबलं, इयत्ता दिली, खोटंच वय दिलं, गणितात शिरल्या, बाहेर आल्या. पुन्हा ‘आपण कोण?’

“इथेच कुठेतरी होतं,” त्या म्हणाल्या.

“तिथे मी बघितलं. तिथे नाही,” आत्या म्हणाली.

“मग इथे असेल.”

“तिथे पोरांच्या गोष्टी आहेत.”

दोघींची डोकी पडद्याशी लागली. थोड्या वेळाने हूंबाईंनी माऊस सोडून दिला. “नाही हो सापडत,” त्या म्हणाल्या. चाचणीच्या खोलीत त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला पण नाही सापडत?” आत्याने विचारलं.

“मला पण नाही.”

“तुम्ही इथल्याच ना?”

“इथलीच. कित्येक वर्षं.”

आणि आत्या हसायला लागली. आमच्या जेवणाच्या टेबलावरचं ते हसू नव्हे. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि हूंबाईही हसायला लागल्या. “म्हणजे माझं डोकं ठीक आहे,” आत्या पुन्हा पुन्हा म्हणत होती. “म्हणजे माझं डोकं ठीक आहे!” मी काचेमागे बसलो होतो, माझं काम दोघींनी मिळून धुळीला मिळवलं होतं, आणि माझा जीव भांड्यात पडला होता. ती रडत घरी जाणार नव्हती, हसत जाणार होती. मला त्या क्षणी बाकी काही नको होतं.

ती गेल्यावर हूंबाईंनी माझं दार उघडलं.

“कुठे आहे तो धडा?”

मी दाखवला. विद्यार्थी, मग इयत्ता, मग वय, मग ‘अधिक’, मग ‘सेतू अभ्यास’, मग ‘संख्याबोध’, आणि त्याच्या तळाशी अपूर्णांक.

“सेतू अभ्यास म्हणजे काय?”

“म्हणजे ज्यांचं मागचं काही कच्चं राहिलंय त्यांच्यासाठी.”

“हे नाव कोणी ठेवलं?”

“मी.”

“हूं,” हूंबाई म्हणाल्या. त्यांनी त्या पानाचा पत्ता लगेच आत्याला पाठवून दिला. मग मी त्यांना सांगितलं, की ती माझी आत्या आहे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या एकुलत्या एक दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “उठून जायला वाट नव्हती, मान्य,” त्या म्हणाल्या. “पण घरी एक अक्षर नाही. तिला स्वतःला सांगायचं तेव्हा ती सांगेल.” मी शब्द दिला. मला शब्द देताना घरच्यांनी बघितलं असतं, तर तो मी किती दिवस पाळतो यावर त्यांनी पैज लावली असती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन म्हणालो, पहिलं पान काढून टाकायचं.

“आपलं दार?” साहेबांचा चेहरा उतरला. “अरे, तूच तर केलंस ते.”

“म्हणून तर मी काढतोय.”

“असं कर, पाचवं बटण टाक. ‘इतर’ म्हणून.”

“साहेब, तुमच्या घरी कोणी आलं तर तुम्ही त्याला ‘या इतर, बसा’ म्हणता का?”

ते चिडले. मी तर आधीच चिडलेला होतो. प्रकरण हातघाईवर येणार असं दिसल्यावर हूंबाई मधे पडल्या आणि साहेबांना म्हणाल्या, की तुम्हीच अपूर्णांकांची बेरीज शोधून दाखवा, मग काय ते ठरवू. साहेब हसत हसत बसले. त्यांनी आधी ‘संस्था’ दाबलं. मग सगळंच दाबलं. “इथे असेल ना?” त्यांनी विचारलं. “हूं,” हूंबाई म्हणाल्या. “की इकडे?” “हूं,” मीही म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. घामाघूम झाल्यावर साहेब खुर्ची मागे सारून म्हणाले, “काढा रे ते दार एकदाचं.”

मग आम्ही कामाला लागलो. परीक्षेच्या आत सगळं व्हायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि घाई कशाची ते कोणाला सांगता येत नव्हतं. पहिल्या पानावर आता एकच चौकट ठेवली आणि एकच प्रश्न, ‘काय शिकायचंय?’ खाली विषयांची साधी नावं. वय विचारणं बंद. शोध साऱ्या वेबसाइटभर. ‘सेतू अभ्यास’ पुसून तिथे लिहिलं, ‘गणित, पहिल्यापासून’. प्रत्येक धड्याच्या वर लिहिलं, की याआधी काय येत असलं पाहिजे, आणि खाली, की यानंतर काय बघावं. ‘जमत नाही’, ‘समजत नाही’, ‘विसरलो’ असं काही कोणी लिहिलं तर वेबसाइटने ते बाजूला ठेवून विषय पकडायचा. आणि ते ‘शब्द तपासून पुन्हा प्रयत्न करा’ मी स्वतःच्या हाताने काढलं. त्या जागी जवळचे धडे येतात आता.

नवे पाहुणे बोलावले. त्यांतल्या एका आजोबांनी अपूर्णांकांचा धडा बसल्या बसल्या उघडला आणि हूंबाईंना विचारलं, “झालं? यात बघायचं काय होतं?” मला काच फोडून त्यांना मिठी मारावीशी वाटली.

घरी मात्र माझे हाल होते. दर रविवारी आत्या जेवायला यायची आणि मी ताटात डोकं खुपसून बसायचो. “गुडघे काय म्हणतात?” बाबा विचारायचे. “वळायला लागलेत हळूहळू,” आत्या म्हणायची. एकदा आईने कलिंगड आणलं. आत्याने सुरी घेतली, आणि बाबांनी तोंड उघडलं.

“हिच्याकडे वाटणी देऊ नका, ही एकाचे...”

“बाबा, पुरे झालं आता ते!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जरा जास्तच जोरात बोललो होतो. “याला काय झालं?” आई म्हणाली. “उन्हातून आलाय का?” मी म्हणालो, काही नाही, तोच तोच विनोद ऐकून कंटाळा आलाय. बाबा गोरेमोरे झाले. आत्याने मात्र माझ्याकडे एकदा बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि कलिंगडाच्या फोडी केल्या. सगळ्या सारख्या होत्या.

परीक्षा झाली. तारीख वेळापत्रकात बघून मी पाठच केली होती, आणि त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांवर खेकसत होतो. त्यानंतरचे आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. हूंबाई रोज माझ्याकडे बघून भुवया उचलायच्या, मी ‘निकाल नाही अजून’ अशी मान हलवायचो.

मग एका संध्याकाळी आत्या रविवार नसताना आली. हातात केकचा खोका होता. तो टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

“दादा, वहिनी, मला काही सांगायचंय. माझे गुडघे कधी दुखतच नव्हते.”

“म्हणजे?” आई म्हणाली.

“मी गणित सोडवलं. पास झाले. सोमवारपासून मुलांच्या खोलीत माझी जागा पक्की. आता मला तिथून कोणी हलवू शकत नाही.”

मला उडी मारावीशी वाटत होती, पण मला तर काही माहीत नसायला हवं होतं, म्हणून मी आश्चर्याचा चेहरा करून बसलो होतो. तो बहुधा भयंकर दिसत असणार. आईने आत्याला जवळ घेतलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“अगं, सांगायचं तरी,” ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, “आता मी विनोद कुठला करायचा?”

“नवीन शोध,” आत्या म्हणाली. “तुझ्या लेकाच्या वेबसाइटवर आता काहीही सापडतं.”

माझा आश्चर्याचा चेहरा खरा झाला. आत्या वळून गॅलरीत गेली. मी तिच्या मागे गेलो.

“तुला कोणी सांगितलं? हूंबाईंनी?”

“कोण हूंबाई? ती चाचणीवाली? ती कशाला सांगेल, ती तर हूंच्या पुढे जात नाही.” आत्या कठड्याला टेकली. “अरे शिंकोबा, ती शिंक मी ओळखणार नाही होय? तुला पाळण्यात शिंकताना ऐकलंय मी.”

इतके दिवस मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून.

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“काय बोलू? बाईंनी बजावलं होतं, मदत मिळणार नाही. आणि तुलाही बोलायची बंदी असणार. नाहीतर तू आणि गप्प?”

“मला काही करता आलं नाही गं,” मी म्हणालो. “तू पर्स घेऊन उठलीस, आणि मी आत नुसता बसून होतो. साधं थांब म्हणता आलं नाही.”

“उठले होते हे खरं. आणि खरं सांगू, पुन्हा आले नसते. मनात ठरवून टाकलं होतं.” तिने माझ्याकडे बघितलं. “मग तू शिंकलास. म्हटलं, हा आत आहे. हा बघतोय. ह्याने बुटाच्या नाड्या स्वतः बांधाव्यात म्हणून मी तासतासभर समोर बसायचे, हात लावायचे नाही, आणि हा रडला तरी उठू द्यायचे नाही. आता ह्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उठू?”

मी तिचा हात धरला. इतक्या महिन्यांचं छातीवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं, आणि रडूही यायला लागलं.

“शिंकायचं असेल तर शिंकून घे,” आत्या म्हणाली.

आतून बाबांची हाक आली. “अगं, येतेस ना? केक तसाच पडलाय. सुरी तुझ्यासाठी ठेवलीय, वाटणी तूच करायची.”

“आले, दादा,” आत्या म्हणाली, आणि माझा हात न सोडता मला आत घेऊन गेली.